तपकिरी आहे, म्हणजे ठणठणीत आहे

नाही, चिडू नको तर काय करू? मला एक सांगा, माणूस तापातून उठलाय, गाल आत गेलेत, अंगात रक्त उरलेलं नाही, जिना चढताना भिंतीला धरतोय, आणि अशा माणसाकडे बघून कोणी "वा, उजळलास हो" म्हणतं का? म्हणतं. माझी आत्या म्हणते. विषमज्वरातून उठून मी पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत येऊन बसलो, तर ही बाई माझी हनुवटी धरून आईला म्हणते, "वहिनी, काही म्हण, तापाने पोराचा रंग मात्र खुलवला." अहो, मी मरता मरता राहिलो होतो... पण रंग खुलला ना, मग झालं. पुढे अंगावर मांस चढलं, भूक लागायला लागली, उन्हातान्हात हिंडायला लागलो, की हीच आत्या, "अगंबाई, काय हा अवतार, पार रापलास." म्हणजे या लोकांच्या मते मी बरा असलो की बिघडलेला, आणि बिघडलेला असलो की देखणा. 

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि तुझ्या माशांच्या टाकीचा काय संबंध. तोच सांगतोय. बसा.

पहिली गोष्ट, ती माशांची टाकी नाही. मासे त्यात दोन आहेत, तेही नातेवाइकांसारखे, आहेत म्हणून आहेत. ती प्रवाळांची टाकी आहे. कोरल. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतला खडा आठवतो. तो मेलेला असतो हो, त्याची तब्येत कोण विचारणार? माझी प्रवाळं जिवंत आहेत. प्राणी आहेत. खातात, वाढतात, शेजारी फार जवळ सरकला तर त्याला डंख मारतात, म्हणजे आमच्या इमारतीत सहज खपून जातील. फक्त बोलत नाहीत. त्यातलं सगळ्यात जुनं, मी अंगठ्याएवढा तुकडा आणून वाढवलेलं, आता चांगलं फुलकोबीच्या गड्ड्याएवढं झालंय, त्याचं नाव मी घुम्या ठेवलंय. मी बाहेरून यावं, दप्तर फेकावं, जगाला शिव्या घालाव्यात, घुम्या ऐकतो. घरात तेवढं करणारा तो एकटाच.

तर घुम्या तपकिरी आहे. ओल्या मातीसारखा, सरळ, स्वच्छ तपकिरी. आणि आमच्या घरात येणारा प्रत्येक माणूस काचेला नाक लावून एकच वाक्य बोलतो, "बाकी छान आहे, पण हे असं मळलेलं का?" मळलेलं! मी दर वेळी सांगतो, तपकिरी आहे, म्हणजे ठणठणीत आहे. दर वेळी ते मान हलवतात आणि दर वेळी जाताना आईला हळूच सांगतात, "पाणी बदलत जा म्हणावं."

तुम्हाला म्हणून समजावून सांगतो, त्यांना सांगून थकलो. घुम्याच्या कातडीत बारीक शेवाळ राहतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक, पण घर भरून. ते त्याचे भाडेकरू. उजेड आला की हे भाडेकरू स्वयंपाक करतात आणि अर्ध्याहून जास्त मालकाला वाढतात. असे भाडेकरू कुठे मिळत असतील तर आमच्या बाबांना कळवा. तो तपकिरी रंग त्यांचाच. म्हणजे तपकिरी दिसलं की समजायचं, घर भरलेलं आहे, चूल पेटलेली आहे. आता उजेड बेताबाहेर झाला, किंवा पाणी तापलं, तर त्यांचा स्वयंपाक करपतो, आणि मालक त्यांना हाकलून देतो. मग राहतं काय? पातळ कातडी, तिच्याखालून दिसणारा पांढरा सांगाडा, आणि मालकाचे स्वतःचे गुलाबी-जांभळे रंग, जे इतके दिवस तपकिरीखाली झाकले गेले होते. दिसायला अप्सरा. आतून उपाशी. आणि लोक म्हणणार, वा, काय खुललंय.

बाबा तर पहिल्या नंबरचे. बाबा बँकेत होते. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे बूट बघून त्याची पत ओळखायचो, असं अभिमानाने सांगतात. त्यांनी ज्यांना ज्यांना ओळखलं त्यातले किती पळाले ते मी विचारतो तेव्हा मात्र विषय बदलतात. बाबांचं आणि माझं जमत नाही, कारण मी तिसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडलं. का सोडलं? आमचे विभागप्रमुख जर्नलला मार्क द्यायचे ते कव्हर बघून. ब्राउन पेपर नीट आहे, नावाची चिठ्ठी मधोमध आहे, घ्या दहापैकी नऊ. मी एकदा वर्गात विचारलं, "सर, उघडून बघता का कधी?" झालं. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि मी कॉलेज. आजही तेच विचारीन. बाबा म्हणतात, "तोंड आवरलं असतंस तर आज नोकरीत असतास." मी म्हणतो, "तोंड आवरलं असतं तर आज विभागप्रमुख असतो."

सध्या मी मत्स्यालयाच्या दुकानात काम करतो. टाक्या बसवतो, पाणी तपासतो, लोकांचे मेलेले मासे बघून खोटं वाईट वाटून घेतो. बाबांच्या लेखी हे काम नव्हे. बाबांच्या लेखी काम म्हणजे काकांचं सिमेंटचं गोदाम. "काका कधीचे म्हणतायत, पोराला पाठवा." काका म्हणतायत कारण गोदामात कोणी टिकत नाही. आणि कोणी टिकत नाही कारण तिथे काका असतात.

तर झालं असं, की टाकीवरून एक दिवस घरात मोठ्ठं वाजलं. टाकी बाहेरच्या खोलीत आहे, जिथे आधी आईचं शोकेस होतं. पंप घरघरतो, काचेवर मिठाचा थर चढतो, बादल्या मोरीत आडव्या येतात, हे सगळं मान्य. पण बाबांनी त्या दिवशी अट घातली. आमचं प्रवाळ पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे, ते दर वर्षी घरोघरी येऊन टाक्या बघतं आणि नंबर काढतं. तब्येत आणि रंग, असे दोन भाग. बाबा म्हणाले, "पहिला नंबर आण. टाकी राहील, आणि कॉलेजचं नाव मी जन्मात काढणार नाही. नाही आला, तर टाकी विकायची आणि मुकाट्याने गोदामात जायचं." मी म्हणालो, "ठरलं." आई म्हणाली, "निदान दोघं एका गोष्टीवर ठरलं तरी म्हणाले."

आता या मंडळाचे अध्यक्ष. यांच्याबद्दल काय सांगू... दरवर्षी हेच परीक्षक, कारण दरवर्षी हेच परीक्षक निवडतात. उन्हात काळा होणारा चष्मा, खिशात तीन पेनं, आणि हातात रंगपट्टी. रंगपट्टी म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर रंगाची घरं असतात, एका टोकाला जवळजवळ पांढरं, तिथून पिवळसर करत करत दुसऱ्या टोकाला गडद तपकिरी. प्रवाळाच्या शेजारी धरायची, कुठलं घर जुळतं ते बघायचं. जितकं गडद, तितकी तब्येत चांगली. शेंबड्या पोराला कळेल. पण अध्यक्ष ही पट्टी धरतात ती रंगाच्या दुकानात भिंतीसाठी शेड निवडावी तशी. "हा फार डार्क, हा जरा डल, हां... हा बघा, हा शोभेल." आणि सगळ्यात फिकट घराला सगळ्यात जास्त मार्क. वर ते निळा दिवा लावायला सांगतात. निळ्या दिव्यात काय, सगळंच चमकतं. आमच्या बाबांचं बनियन चमकतं. म्हणून बनियन निरोगी झालं का? आणि कोणी काही विचारलं की ठरलेलं वाक्य, खर्जात, "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

गेल्या वर्षी त्यांनी पहिला नंबर दिलेली टाकी मी स्वतः बघितली आहे. प्रवाळं अशी फिकट, जशी बर्फावर लिपस्टिक. महिन्याभरात सगळी मेली. त्या टाकीत आता ते लोक चपला ठेवतात. चषक अजून वरच आहे.

पण मला वाटलं, या वर्षी पाडायचं यांना तोंडावर. घुम्या इतका धडधाकट होता की आंधळ्यालाही नाकारता आला नसता. आणि नेमकं दुकानाच्या मालकांनी मला परगावी पाठवलं, एका हॉटेलात मोठी टाकी बसवायला. आठवड्याचं काम. जाताना मी बाबांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "पाणी आटेल तेवढं गोडं पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका. दिव्याला तर नाहीच." बाबा म्हणाले, "मी काय लहान आहे?" मी बॅग उचलली. तेव्हा बोलायला हवं होतं.

परत आलो तो नेमका फेरीच्या दिवशी. गाडी रखडली, स्टँडवरून धावत आलो, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो, दारात बघतो तर अध्यक्षांचे बूट. आत गेलो. अख्खी खोली निळीशार. अध्यक्ष टाकीसमोर वाकलेले, आई ट्रे घेऊन उभी, आणि बाबा, तुम्हाला सांगतो, बाबा इस्त्रीचा सदरा घालून असे उभे होते जसा माझा पदवीदान समारंभ आहे.

"वा," अध्यक्ष म्हणत होते. "वा वा. हा रंग... याला म्हणतात रंग."

मी पुढे होऊन बघितलं. घुम्या... कसं सांगू. घुम्या चमकत होता. कोवळा जांभळा, टोकांना गुलाबी. स्वप्नात यावा असा. आत्याने माझी हनुवटी धरली होती तेव्हा मी असाच दिसत असणार.

बाबा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, आणि आवाजात काय तो आनंद, "दिवा पूर्ण वाढवला. तू अर्ध्यावर ठेवायचास, नुसता अंधार. वरून माळ्यावरचा हॅलोजन पण लावला, दिवसभर. पहिल्या दिवशी काही फरक नव्हता, पण मग बघ कसा मळ निघत गेला. तुला नंबर मिळायला हवा ना?"

आता बोला. वर्षभर माझ्याशी धड न बोललेला माणूस, माझ्यासाठी माळ्यावर चढला. गुडघे दुखतात त्याचे. आणि चढून माझाच घुम्या भाजून ठेवला.

अध्यक्ष ताठ झाले. "पहिला नंबर. मी सहसा जागेवर सांगत नाही, पण सांगतो. आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगणार आहे, यांच्यासारखा दिवा लावा, असा रंग आणा."

म्हणजे बघा हं. मी नुसतं "धन्यवाद" म्हणायचं होतं. एक शब्द. टाकी वाचत होती, गोदाम टळत होतं, कॉलेजचं नाव जन्मात निघणार नव्हतं. आई डोळ्यांनी खुणावत होती, म्हण, म्हण. आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या मंडळाच्या टाक्या आल्या, चपलांनी भरलेल्या.

"उपाशी आहे," मी म्हणालो.

"अरे मग हातपाय धू," आई म्हणाली, "वाढते."

"मी नाही. तो." आणि मी निळा दिवा बंद केला, हॅलोजन काढला, खोलीतली साधी ट्यूब लावली. अप्सरा गेली. राहिला एक पांढरट सांगाडा, त्यावर ओल्या कागदासारखी कातडी. मी अध्यक्षांच्या हातातली पट्टी घेतली आणि काचेला लावली. "हे बघा. सगळ्यात फिकट घर. म्हणजे सगळ्यात वाईट. पट्टी अशी वाचायची असते."

"तू मला पट्टी वाचायला शिकवणार?"

"कोणीतरी शिकवायलाच हवी होती."

"मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून टाक्या बघतोय."

"बघताय खरं. गेल्या वर्षीच्या टाकीत कोण राहतं ते माहितेय? सँडल, साईज आठ."

"मुला, परीक्षकांचा निर्णय..."

"अंतिम, माहितेय. तुमच्या निर्णयानंतर प्रवाळांचाही अंतिमच होतो. आमचं नाव काढा यादीतून. आजारी माणसाला मी सौंदर्यस्पर्धेत उभा करत नाही."

अध्यक्ष गेले. इतक्या रागात गेले की पट्टी इथेच विसरले, आणि एक बूट जिन्यात घातला. जाता जाता बाबांना म्हणाले, "मुलाला वळण लावा." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुरू होणार. सुरू झालं.

"एक दिवस गप्प बसता आलं नसतं तुला?"

"नाही."

"माझ्या घरात आलेल्या माणसाला..."

"तुमच्या घरात आलेला माणूस चूक बोलत होता."

"म्हणजे टाकी गेली."

"गेली."

"गोदामात जावं लागेल."

"जाईन."

इथे खरं तर त्यांनी जिंकल्यासारखं दिसायला हवं होतं. पण ते टाकीकडे वळले. साध्या ट्यूबच्या उजेडात घुम्याकडे बघत राहिले. आणि मग, अगदी हळू, "मरेल का रे?"

टाकी घरात आल्यापासून बाबांनी तिच्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात विजेचं बिल नव्हतं. मी म्हणालो, "माहीत नाही. भाडेकरू परत आले तर वाचेल. उजेड कमी ठेवायचा, थोडं थोडं भरवायचं, आणि वाट बघायची." बाबा "हं" म्हणाले. माफी वगैरे नाही हं. आमच्या घरात वडीलधारे चुकत नाहीत, फक्त "हं" म्हणतात.

पुढच्या रविवारी दुकानातला माणूस टाकी न्यायला आला. सौदा ठरला होता, मीच ठरवला होता, मी शब्द फिरवत नाही. तो पाईप घेऊन दारात उभा, आणि बाबा दारात आडवे.

"नेता येणार नाही."

"का हो साहेब?"

"आजारी आहे. आजारी माणसाला असं हलवतात का?"

"मग कधी येऊ?"

"बरा झाला की बघू." आणि दार लावून घेतलं. मी बघत राहिलो. बाबा म्हणाले, "बघतोस काय? अट अटच आहे. बरा झाला की टाकी जाईल आणि तू गोदामात. पण आधी बरा होऊ दे."

तेव्हापासून जे सुरू झालंय ते काय सांगू तुम्हाला... आमच्या बाहेरच्या खोलीत दिवसा पडदे. घुम्याच्या डोळ्यांवर येतं म्हणे. त्याला डोळे नाहीत, मी सांगून बघितलं. बाबा पेपर वाचतात तो टॉर्चच्या उजेडात, आणि टॉर्चचं तोंड टाकीकडे वळू देत नाहीत. टीव्हीचा उजेड कमी केलाय, त्यामुळे आईच्या मालिकेत कोण कोणाला विष घालतंय ते कळत नाही. ड्रॉपरने खाणं भरवतात, आणि मला म्हणतात, "तुझा हात जड आहे, तू नको." मी! माझा हात जड! हॅलोजन लावला कोणी? पण आवाज काढायची सोय नाही, पेशंट झोपलाय.

आणि रोज सकाळी, दात घासायच्या आधी, साध्या ट्यूबखाली, अध्यक्षांची ती विसरलेली पट्टी काचेला लावतात. बरोबर धरतात, सुलट. पहिले काही आठवडे काहीच नाही, तेच मेलेलं फिकट घर. मग एक दिवस मला मोरीतून ओढत आणलं, तोंडात ब्रश तसाच, "बघ, बघ, बुडाशी बघ." बुडाशी हलकासा चहाचा डाग पडावा तसा. भाडेकरू परत येत होते. बाबांनी आईला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारी म्हणाले, "अरेरे, मळायला लागलं का?" आणि बाबा, माझे बाबा, त्यांना म्हणाले, "तुम्हाला काय कळतं? तपकिरी आहे, म्हणजे ठणठणीत आहे." माझंच वाक्य. नाव न घेता. मी त्यांच्या सगळ्या बँकेच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांनी माझं एक वाक्य चोरलं, फिटलं म्हणायचं.

तर परवा आत्या आली. सोबत काकांचा निरोप घेऊन, की गोदामात जागा रिकामी आहे, पोरगा येतोय की नाही ते एकदाच सांगा. (रिकामी आहेच. ती रिकामी नसते कधी?) आत्या टाकीपुढे उभी राहिली आणि नाकाला पदर लावला.

"अरे देवा, हे तर पार काळवंडलंय. त्या दिवशी वहिनीने पाठवलेल्या फोटोत किती गोजिरं होतं."

आणि खरंच, घुम्या असा झाला होता, की काय सांगू. गडद, भरलेला, टच्च. ओली माती. पहिल्यापेक्षा सरस. आता मी सरळ बोलणारा माणूस आहे, आयुष्यात दुसरं काही जमलेलं नाही मला, म्हणून मी तोंड उघडलं, "आत्या, तपकिरी आहे, म्हणजे..."

"अजून झालेला नाही," बाबा म्हणाले.

मी थांबलो. बाबा खुर्चीतून उठले, टॉर्च बंद केला, ट्यूब लावली, पट्टी घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि पट्टी काचेला लावली. शेवटचं घर. सगळ्यात गडद. घुम्याचा रंग आणि त्या घराचा रंग यात सुई शिरली नसती. मला दारातून दिसत होतं. आत्याला दिसत होतं. आंधळ्याला दिसलं असतं.

बाबांनी बराच वेळ बघितलं. मग पट्टी खिशात टाकली.

"एक घर कमी आहे अजून," ते म्हणाले. "काकांना सांग, एवढ्यात जमणार नाही. पेशंट बरा व्हायचाय."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाने परीक्षक चुकला म्हणून विभागप्रमुखाला वर्गात धरलं, अध्यक्षांना एक बूट घालून जिना उतरायला लावलं, त्या माझ्यासमोर, माझ्या घरात, ढळढळीत उजेडात, धडधडीत चुकीचा निकाल. जिभेवर आलं होतं हो. अगदी टोकावर. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पेपर उलटा धरून वाचत बसले.

आणि मी... मी घुम्याशेजारी जाऊन घुम्यासारखा बसलो. काय करणार, परीक्षकांचा निर्णय अंतिम.